पाचवी तार

लातूर, शनिवार, ११ एप्रिल २०२६

चि. धम्मप्रियास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

वीरेशच्या कमरेखाली आता जीव येणार नाही. काल सकाळी मोठ्या डॉक्टरांनी जगदेवीला समोर बसवून हे सांगितलं. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर त्यांनी माझी वही मागून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहूनही दिलं. चार ओळी आहेत, खाली सही आणि तारीख. मणका दोन जागी मोडला होता, तो ऑपरेशन करून बसवला, पण आतला मज्जारज्जू तुटला आहे. जगदेवीला वही दाखवायचा प्रश्न नव्हता. तिनं कानानं ऐकलंच होतं. ती नवऱ्याच्या पायांवरची चादर सारखी करत राहिली.

आईनं फोनवर तुला तुकड्यातुकड्यानं सांगितलं असेल, म्हणून सगळं ओळीनं लिहितो. ३१ मार्चला दुपारी वारं सुटलं आणि नाल्याजवळच्या खांबावरचा, तारा जोडणारा जंपर तुटला. तीन वाजल्यापासून गावात लाईन नव्हती. लाईनमन म्हणून वीरेशकडे आता आठ गावं आहेत, त्यामुळे देवणीहून तो येईपर्यंत दिवस मावळतीला आला. त्यानं डीपीचा स्विच पाडला, खांबावर चढला, आणि करंट लागून वीस फुटांवरून खाली आला. लाईन बंद असताना करंट आला कुठून, याची चौकशी चालू आहे. विद्युत निरीक्षक साहेबांनी विहारातल्या अभ्यासिकेतलं तुझं सोलरचं मशीन सील केलं. पंचनाम्यात दुसरं काही सापडलं नाही.

चौतीस वर्षांचा माणूस आहे. अकरा वर्षं झाली त्याला माझ्या हाताखाली येऊन. मी निवृत्त झालो तरी उस्ताद म्हणायचं सोडलं नाही. परवा शुद्धीवर आल्यावर त्यानं माझ्या वहीत पहिलं वाक्य लिहिलं ते असं की उस्ताद, जेवलात का.

मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर असतो. माझा आवाज मोठा आहे हे मला कळत नाही, त्यामुळे सिस्टरबाईंना वाटतं मी चोवीस तास रागात आहे. उद्या गावी जाईन.

तुझी परीक्षा तोंडावर आली आहे. इकडचा विचार करू नकोस, आम्ही आहोत. पत्र टाकत जा.

तुझा बाबा,
साहेबराव


नांदेड, बुधवार, १५ एप्रिल २०२६

ती. बाबांस,
धम्मप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र आज मिळालं. तुमच्या ओळी वाचल्या आणि पाकीट पुन्हा बंद करून गादीखाली ठेवलं, जणू त्यानं काही बदलेल. काल जयंतीला सगळं नांदेड रस्त्यावर होतं. शिल्पानं, माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं, मला बाहेर काढायचा खूप प्रयत्न केला. मी दार लावून माझी आकृती काढत बसले.

तीच आकृती मी आतापर्यंत चाळीस वेळा तरी काढली असेल. छतावर पॅनेल, खाली बॅटरी, मग इन्व्हर्टर, मग चेंजओव्हरचा दांडा, मग अभ्यासिकेचे सहा दिवे आणि चार पंखे. दांडा वर असेल तर कंपनीची लाईन, खाली असेल तर आपलं मशीन. दोन्ही एकदम कधीच नाही. आकृती माझी, वायरिंग तुमच्या हातचं. विहाराच्या बैठकीत सर्वांसमोर तुम्ही वीरेशअण्णांना म्हणाला होतात की पोरीनं काढलंय तर जोडायला बापच पाहिजे, आणि ते म्हणाले होते की आता उस्तादांनाच उस्ताद मिळाला.

निरीक्षकांचा अहवाल आमच्या कॉलेजच्या विभागात आला आहे. त्यांनी लिहिलंय की चेंजओव्हरमधून मशीनची वीज बाहेरच्या तारेवर गेली असण्याची शक्यता आहे, आणि रचनेतला दोष नाकारता येत नाही. माझा प्रकल्प रोखून ठेवलाय. आमचे मार्गदर्शक रविकिरण सर चांगले आहेत, त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले की ५ मेला सकाळी अकरा वाजता लातूरला सुनावणी आहे, तोवर लेखी खुलासा दे.

सोमवारी वर्गात त्यांनी शिकवलं की सगळी ग्रिड बंद पडली तरी एखादा कोपरा स्वतःच्या विजेवर जागा राहू शकतो. त्याला आम्ही बेट म्हणतो. सर सांगत होते की बाहेर काम करणाऱ्या माणसाला वाटतं सगळं मेलेलं आहे, आणि बेटावरची तार जिवंत असते. सगळी मुलं लिहून घेत होती. मी वर्गातून उठून गेले.

बाबा, मी ठरवलंय. दोष माझा आहे असं खुलाशात लिहिणार आणि अभ्यासक्रम सोडणार. चार वर्षं ऊर्जा अभियांत्रिकी शिकून मी एका माणसाचे पाय घेतले. यापुढे कुठल्याही कागदावर तार काढायची माझी हिंमत नाही.

जगदेवीवहिनींना फोन केला होता. त्यांनी उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवला.

आईला नमस्कार सांगा. रागावू नका.

तुमची,
धम्मप्रिया


सावरतळ, ता. देवणी, रविवार, १९ एप्रिल २०२६

चि. धम्मप्रियास,
जयभीम व आशीर्वाद.

पत्र काल मिळालं, लगेच उत्तर लिहितोय. खुलासा लिहू नकोस. लिहिला असशील तर फाडून टाक. दोष मशीनमध्ये नाही आणि आकृतीतही नाही, एवढं मी तुला एकतीस वर्षं खांबावर काढलेला माणूस म्हणून सांगतो. बाकीचं समोरासमोर बोलू.

शिक्षण सोडायची गोष्ट पुन्हा कागदावर येऊ देऊ नकोस. तू बारावीला असताना लोक मला वहीत लिहून विचारायचे की पोरीला डी.एड. का करत नाही. मी त्यांना सांगायचो की मी तार कुठं जोडायची ते जाणतो, ती तिथंच का जोडायची हे माझी लेक जाणेल. आता ती मधेच उठली तर मी त्या लोकांना काय सांगू?

वीरेशनं निरीक्षकांना जबाब दिला आहे. त्यानं लिहून दिलं की चूक माझीच, चढण्याआधी मी टेस्टर लावला नाही, उस्तादांना यात ओढू नका. जबाबाची नक्कल जगदेवीच्या हाती आली. वीरेशच्या कंत्राटदाराचा माणूस तिला म्हणाला की नवऱ्यानं स्वतः कबूल केलंय, आता कंपनी हात वर करणार. काल तुझी आई डबा घेऊन वॉर्डात गेली होती. जगदेवीनं डबा घेतला, पण पुन्हा येऊ नका म्हणाली. हे आईनं मला हातवाऱ्यांनी सांगितलं. एरवी ती हातवाऱ्यांनी भांडते तेव्हा मी पाठ फिरवून जिंकतो. काल पाठ फिरवली नाही.

जयंतीला वस्तीत मिरवणूक काढली नाही. विहारात पुष्पहार घातला, वंदना झाली असेल, लोकांचे ओठ हलताना दिसले. माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. वही पुढं केली तर लई काम हाय असं लिहून निघून जातात.

आईनं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी केली आहे. कुणी नांदेडला जाणारं मिळालं की पाठवतो. जेवत जा. हॉस्टेलच्या भाजीला नावं ठेवणं हा जेवणाचा पर्याय नव्हे.

खुलासा फाड. उत्तर लगेच पाठव.

बाबा


नांदेड, गुरुवार, २३ एप्रिल २०२६

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

खुलासा फाडला. पण तुमच्या सांगण्यावरून फाडला असं समजू नका. मला मशीनची नोंद मिळाली.

तुम्हाला आठवत असेल, इन्व्हर्टरला मी एक छोटी डबी लावली होती आणि तुम्ही विचारलं होतं की ही काय तुझी हेर आहे का. ती डबी दर मिनिटाला किती वीज खर्च झाली ते मोबाईलच्या सिमवरून इकडे पाठवते. मशीनला सील लागलं तरी जुनी नोंद आमच्या विभागाच्या संगणकावर होतीच. प्रकल्प रोखल्यामुळे मला ती पाहायला बंदी होती. परवा रविकिरण सरांनी स्वतः समोर बसून दाखवली.

अभ्यासिकेचे दिवे आणि पंखे मिळून किती वीज लागते ते मला पाठ आहे. जानेवारी, फेब्रुवारीचे आकडे तसेच आहेत. १६ मार्चपासून मात्र जेव्हा जेव्हा संध्याकाळी लाईन गेली, तेव्हा तेव्हा दिवेलागणीला त्यात दोनशे चौसष्ट वॅटची भर पडली आहे. दर वेळी तेवढीच, दर वेळी एकदम, कुणीतरी बटण दाबल्यासारखी. ३१ मार्चला सहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी ती भर पडली. पुढच्या मिनिटाला आकडा क्षणभर उसळला. त्रेचाळीसला ती भर शून्य झाली.

सर म्हणाले की एवढा भार कसला असेल. मी म्हणाले की माहीत नाही. मग खोलीवर येऊन विहारापासून नाल्यापर्यंतचे खांब डोळे मिटून मोजले. अकरा खांब, अकरा दिवे, एकेक चोवीस वॅटचा. हा गुणाकार तुम्ही मला ओट्यावर बसवून शिकवला होता.

बाबा, खांबावर पाच तारा असतात. तीन फेज, एक न्यूट्रल आणि पाचवी रस्त्यावरच्या दिव्यांची. त्या दिव्यांचं बटण विहाराच्या भिंतीवर आहे आणि त्याची किल्ली तुमच्याकडे असते. पंचनाम्यात मशीनपासून त्या बटणापर्यंत जाणारी कुठलीही वायर लिहिलेली नाही. ती वायर कुठं आहे?

आणखी एक सांगते, म्हणजे हा प्रश्न मी तुमच्याकडे बोट दाखवून विचारते आहे असं वाटायला नको. दिवाळीत जेवताना मीच म्हणाले होते की अभ्यासिकेत उजेड झाला, पण पोरींना नाल्यापर्यंत अंधारातच जावं लागतं. मी शाळेत असताना तुम्ही बॅटरी घेऊन नाल्यावर उभे राहायचात, सगळ्या पोरींचे बाप तसे नाहीत. तुम्हाला ऐकू गेलं नाही म्हणून मी ते वाक्य तुमच्या वहीत लिहिलं होतं. ते पान असेल अजून.

काय झालं ते मला लिहा. समोरासमोर नको. समोर मला ते ऐकवणार नाही.

धम्मप्रिया


सावरतळ, सोमवार, २७ एप्रिल २०२६

चि. धम्मप्रियास,
आशीर्वाद.

वायर घरात आहे, धान्याच्या कणगीत, ज्वारीखाली. नऊ मीटर आहे.

ती मी १५ मार्चला जोडली. मशीनच्या तोंडापासून थेट दिव्यांच्या बटणाला. तुझ्या आकृतीला हात लावला नाही, चेंजओव्हर आहे तसाच ठेवला, म्हणून मला वाटलं मी काही बिघडवलं नाही. दुसऱ्या दिवशी लाईन गेली, मी बटण दाबलं आणि अकराही दिवे लागले. पोरी नाल्यापर्यंत उजेडात गेल्या. त्यांच्यातल्या एकीनं वहीत लिहिलं की काका, आता आम्हाला भूत भेटणार न्हाई. मी हे तुला कळवणार होतो. परीक्षेनंतर तू येशील तेव्हा दाखवू म्हणून राहिलो.

आता धंद्याची गोष्ट सांगतो, ती तुमच्या पुस्तकात नसेल. माझ्या सगळ्या नोकरीत वीज एकाच बाजूनं आली, डीपीकडून. डीपी पाडला की गाव मेलं. तरी चढल्यावर आम्ही तारांवर साखळी टाकायचो, म्हणजे चुकून कुणी लाईन सोडली तरी ती आपल्या अंगात येण्याआधी जमिनीत जाईल. साखळी चार तारांना टाकायची. पाचवीला टाकायची नाही, कारण तिचं बटण गावातल्या आपल्याच माणसाकडे असतं आणि डीपी पडल्यावर तिच्यात काही उरत नाही. वेळ वाचतो. हे मला माझ्या उस्तादानं शिकवलं आणि वीरेशला मी शिकवलं. त्या दिवशीही त्यानं चार तारांना साखळी टाकली होती. पंचनाम्यात तसं आहे. तो शिकवल्याप्रमाणे वागला.

मी अभ्यासिकेत होतो. तो आल्याचं मला कळलं नाही. त्याची गाडी मला ऐकू येत नाही. दिवेलागण झाली म्हणून बटण दाबलं. नंतर समजलं की लोक रस्त्यावरून ओरडत होते, बंद करा म्हणून. माझी पाठ होती. एक पोरगी आत धावत आली आणि तिनं माझा हात धरून खाली ओढला, तेव्हा बटण बंद झालं. दारातून पाहिलं तर नाल्याकडे सगळे पळत होते.

आता जे लिहितो ते वाचून तू मला काय समजायचं ते समज. मी पळालो नाही. मी पक्कड घेतली आणि आधी ती वायर काढली, गुंडाळून उपरण्यात घेतली. मग गेलो. वीरेश तोवर मातीत पडलेला होता. माझे हात माझ्या आधी घाबरले. वस्तीतल्या लोकांनी उपरणं पाहिलं असणार. कुणी तोंड उघडलं नाही, साहेबराव आपला माणूस म्हणून. वायर नसल्यावर दोष तुझ्या मशीनवर येईल हा हिशेब ना त्यांनी केला ना मी. अहवाल आला तेव्हा कळलं, आणि तरी मी तुला पत्रात जेवत जा म्हणून लिहीत राहिलो.

मला वाटत होतं की पाचव्या तारेचं मी वीरेशला सांगितलं आहे. अगदी पक्कं वाटत होतं. मार्चमध्ये तो किल्लारीकडे कामाला होता, पण एकदा येऊन चहा पिऊन गेला होता. तू जाणतेस, माझ्या वहीत माझं बोलणं नसतं, समोरच्याचंच असतं. पंधरा दिवस मी ती वही चाळतोय. त्या दिवशीचं वीरेशचं अक्षर आहे. मुलीचे दात पडतायत हे आहे. चहात साखर कमी हे आहे. मी तारेचं सांगितलं असतं तर त्यानं काहीतरी लिहिलं असतं, निदान एक हाव तरी. तसं काही नाही. म्हणजे मी सांगितलं नाही.

तुझं दिवाळीचं वाक्यही सापडलं. ते पान मी फाडणार होतो, सुनावणीत तुझं नाव नको म्हणून. मग फाडलं नाही. कणगीतल्या वायरनं मला तेवढं शिकवलं.

मी ५ तारखेला जातो आहे, वायर घेऊन. वीरेशला काल वॉर्डात सगळं सांगितलं. त्यानं वहीत लिहिलं की मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे उस्ताद, पडताना मी दिवे लागलेले पाहिले. मग त्यानं वही परत दिली आणि तोंड भिंतीकडे केलं. जगदेवी तिथंच होती. तिनं पुढं होऊन वही घेतली, त्याच्या ओळीखाली पेन टेकवलं, आणि काही न लिहिता परत दिली.

५ मेला तुझा पेपर आहे हे आईनं बोटांवर मोजून सांगितलं. तू येऊ नकोस. पेपर दे. मला आता दुसरं काही मागायचा हक्क राहिलेला नाही, म्हणून एवढंच मागतो.

साहेबराव


नांदेड, गुरुवार, ३० एप्रिल २०२६

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

उद्या पौर्णिमा आहे आणि पोस्टाला सुट्टी, म्हणून हे पत्र शिल्पाच्या हाती देते आहे. ती उदगीरला घरी चालली आहे, तिचा भाऊ देवणीला आणून देईल. तिनं काही विचारलं नाही. दोन दिवस मी जेवत नाही म्हणून माझ्या वाटची चटणी ती मला जबरदस्तीनं भाकरीवर घालते, एवढंच.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि उपरण्याच्या ओळीपाशी थांबले. तुम्हाला काय समजायचं ते अजून मला समजलेलं नाही. रागही नीट येत नाही. लहानपणापासून तुमचे हात वर खांबावर पाहिलेत, त्यांना पक्कड घेऊन ती वायर काढताना मी पाहू शकत नाही. असं वाटतं की चुकीची आकृती माझीच निघाली असती तर बरं झालं असतं. ती खोडता आली असती.

पण एक गोष्ट तुम्ही चुकीची लिहिली आहे. माझ्या आकृतीला हात लावला नाही असं लिहिलंत. बाबा, त्या आकृतीत अभ्यासिकेच्या भिंतीपाशी माझी रेघ संपते. बाहेर खांब आहे, त्यावर माणूस चढतो, हे मी काढलंच नव्हतं. कागदावर जागा असूनही वीरेशअण्णांना मी त्यात घेतलं नाही. हे मी रविकिरण सरांना सांगितलं. ते म्हणाले की हे आपल्या विभागातल्या कुणीच तुझ्या परीक्षणात विचारलं नाही.

मग तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. तुमची परवानगी घेतली नाही. त्यांनी काय होईल ते स्पष्ट सांगितलं. तुमचा जबाब आणि माझी नोंद जुळली की वीरेशअण्णांवरची चूक निघेल, आणि त्यांच्या हक्काची भरपाई त्यांना नाकारता येणार नाही. माझा प्रकल्प सुटेल. तुमच्यावर गुन्हा नोंदवला जाईल, बहुतेक त्याच दिवशी, आणि पुरावा काढून घेतल्याचं कलम वेगळं लागेल. तुमचं वय आणि कान पाहून काही सवलत मिळेल का, हे त्यांना माहीत नाही. मीही आशा धरलेली नाही.

मी येते आहे. ५ मेचा पेपर ‘वीज यंत्रणेचं संरक्षण’ या विषयाचा आहे, वेळ अकराचीच. तो आता हिवाळ्यात देता येईल, म्हणजे पदवी लांबणीवर पडेल. अभ्यासक्रम सोडत नाही. मला तो आवडतो म्हणून म्हणत नाही, सध्या पुस्तक उघडते आणि लगेच मिटते. तुम्ही जे मागितलंत त्यातलं निम्मं देते, एवढंच.

तुम्ही येऊ नकोस म्हणालात, पण तिथं तुमच्या वहीत लिहिणार कोण? आई लिहू शकत नाही. वस्तीतलं कुणी आलं तर तुम्हाला वाचवायला प्रश्न सौम्य करून लिहील. कंपनीचा माणूस लिहील तर वेगळंच लिहील. निरीक्षक जे विचारतील ते जसंच्या तसं मी लिहीन, एक शब्द गाळणार नाही.

मंगळवारी पहाटेच्या गाडीनं निघून साडेनऊपर्यंत लातूरच्या बसस्टँडवर येते. तुम्ही आणि आई चौकशी खिडकीजवळ थांबा. वायर साध्या पिशवीत आणा, उपरण्यात नको. दिवाळीचं पान वहीतच राहू द्या. सुनावणी झाल्यावर जमलं तर वॉर्डात जाऊ. जगदेवीवहिनी आत घेणार नाहीत असं धरून चला.

उद्या विहारात पौर्णिमेची वंदना असेल. मशीनला सील आहे, लाईन गेली तर अंधार असेल. पोरींना नाल्यापर्यंत सोडायला तुम्ही बॅटरी घेऊन जा. लोक बोलत नसले तरी जा.

सर म्हणाले की पहिला प्रश्न हाच असेल, की ती वायर कुणी जोडली. तो मी वहीत लिहून तुमच्यासमोर धरेन. तुम्ही माझ्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघून उत्तर द्या. वहीत कोरी पानं किती उरलीत ते पाहून ठेवा. पुरणार नसतील तर येताना मी नवी आणते.

जसा आहे तसा तुमचा जीव माझ्यावर राहू द्या.

तुमची लेक,
धम्मप्रिया